मदत हवी आहे: माशाचा डोळा जन्मभर वाढतो, मग मेंदूतल्या जुन्या जोडण्यांचं काय होतं?

नमस्कार मंडळी,

एम.एस्सी. झूलॉजी, दुसरं वर्ष. शुक्रवारी सेमिनार आहे. मोठ्या झालेल्या गोल्डफिशच्या डोळ्यात नव्या चेतापेशी कशा तयार होतात, हा विषय मीच हौसेने मागून घेतला. काल तालमीत मॅडमनी एक प्रश्न टाकला आणि माझी बोलती बंद.

मला समजलंय ते आधी सांगते, चुकलं तर कान धरा. रेटिनाच्या (डोळ्याच्या आतल्या, प्रकाश टिपणाऱ्या पडद्याच्या) अगदी कडेला, आयरिसला (बाहुलीभोवतीच्या रंगीत कड्याला) लागून, मूळपेशींची बारीक पट्टी असते. तिथे पेशी विभागत राहतात आणि जुन्या रेटिनाला बाहेरून नवं कडं लागत जातं. म्हणजे मधला भाग सगळ्यात जुना. (रविवारी कटल्याचं डोकं घेऊन ही पट्टी दिसते का बघायला बसले. रेटिना पिठल्यासारखी निघाली आणि भिंग बोटातून सटकून ओट्याखाली गेलं. आई अजून बोलतेय.)

1977 मध्ये जॉन्स आणि ईस्टर या संशोधकांनी दाखवलं की नव्या पेशी येतातच, शिवाय जुनी रेटिना ताणलीही जाते. ताणल्यावर बाकीच्या पेशी विरळ होतात, पण रॉड (अंधुक उजेडात पाहणाऱ्या पेशी) होत नाहीत, कारण नवे रॉड मध्येमध्येही भरले जातात. ते म्युलर ग्लियापासून (रेटिनातल्या आधारपेशींपासून) निघालेल्या पेशींतून येतात. इथवर ठीक.

अडलंय ते पुढे. रेटिना चहूबाजूंनी वाढते. मेंदूतलं टेक्टम, जिथे तिचे तंतू पोचतात, ते मात्र मुख्यतः मागच्या बाजूने वाढतं. मग दोन्हींचा नकाशा, म्हणजे रेटिनाचा कुठला भाग टेक्टमवर कुठे जोडलेला ते, जुळतो कसा?

पाणवठा: जुने तंतू चक्क जागा बदलतात. रेटिनाच्या शेपटीकडच्या बाजूचे तंतू टेक्टमच्या पुढच्या टोकाला जातात. त्या कडेला नव्या पेशी आल्या की त्यांनाही पुढचंच टोक हवं, आणि तिथे नवी जागा तयार होत नाही. मग आधीचे मागे सरकतात. लोकलमध्ये चौथा आला की 'जरा सरकून घ्या' होतं ना, तसंच. फक्त इथे बाकडंही मागच्या टोकाने लांब होत असतं. ईस्टर आणि श्टुअर्मर यांचा 1984 चा पेपर नेमका यावरच आहे, तो वाच.

धागाकर्ती: बाकडं भारी! स्लाइडवर घेतेय. पण सरकताना जुने संपर्क सुटणार, मग माशाला दिसायचं बिघडत नाही?

पाणवठा: रांग मोडत नाही. शेजारी शेजारीच राहतो आणि सरकणंही अगदी हळू, माशाच्या वाढीच्या गतीने. बाकी स्लाइडवर पुढचं टोक आणि मागचं टोक ठळक लिही, मॅडम पुढचा प्रश्न तिथेच विचारतील.