पाढे पाठ करून घेतल्याने गणिताची गोडी लागते की जाते?

सांजवात
आमच्याकडे रोज दिवेलागणीला छोटं युद्ध असतं. मुलगी चौथीत. शुभंकरोती झालं की सासूबाई तिला परवच्याला बसवतात. बे ते तीस चालू आहेत, आता पावकी-निमकीही (पाव-अर्ध्याचे पाढे) घेणार म्हणतात. परवा पोर ‘तेरा सत्ते’ला अडकली. मग चटईवर बोटाने काहीतरी आखून म्हणाली, “दहा सत्ते सत्तर, तीन सत्ते एकवीस. एक्क्याण्णव!” मला टाळी वाजवावीशी वाटली. सासूबाई म्हणाल्या, “म्हणजे पाठ नाही. चल, तेरा एके तेरापासून.”

माझं मत: दहापर्यंत पाढे पाठ हवेतच, पुढचे मुलं बनवून घेतात. उरलेला वेळ दुसरं काही करावं. पुण्यात मेच्या १३-१४ तारखेला दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो. आम्ही गच्चीत स्टीलचा उभा डबा ठेवला, त्याची सावली बुडाखाली गडप! जुलैअखेरीस सूर्य परत फिरताना पुन्हा तेच होतं, पण तेव्हा ढग. तरी “वर्षातून दोनदाच का?” हा प्रश्न तिने आपणहून विचारला. परवच्यात असा प्रश्न कधी पडला नाही तिला.

जुनी_उजळणी
ताई, रागावू नका, पण मी सासूबाईंच्या बाजूने. मी आठवी ते दहावीच्या शिकवण्या घेतो. मुलांना विचारतो, ९१ मूळ संख्या आहे का? बरेच जण बेधडक हो म्हणतात. तेराचा पाढा ज्याच्या तोंडात बसलाय त्याला ९१ म्हटलं की तेरा आणि सात दिसतात. तुमच्या मुलीची युक्ती छान आहे, पण ती एका दिशेनेच चालते. तेरा गुणिले सात किती हे ती सांगेल; ९१ च्या पोटातून तेरा काढून देणार नाही. आणि अवयव पाडताना, अपूर्णांकाला संक्षिप्त रूप देताना सगळा प्रवास उलटाच असतो.

बाकी, पाढे नकोत म्हणणारेच आईबाप अबॅकसच्या क्लासला महिन्याला पैसे मोजताना पाहिलेत, ते असो.

वजनकाटा
आमचं किराणा दुकान होतं. शेंगदाणे साठ रुपये किलो, गिऱ्हाईक म्हणणार पावशेर द्या, किती झाले? वडील तोंड वर न करता पंधरा म्हणायचे. पावकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अगदी साडेतीनची औटकीसुद्धा त्यांना येत होती, कारण त्यावर घर चालत होतं. मला ती गल्ल्यावर बसून आली, पाटावर बसून नाही. मग इलेक्ट्रॉनिक काटा आला, तो रक्कमही दाखवतो. माझ्या पोराला पावकी कशासाठी शिकवू? गरज गेली, नुसती चाल उरली. आजींना म्हणावं, नातीला बाजारात न्या, भाजीचा हिशोब तिच्यावर सोपवा.

पाटीपेन्सिल
मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेवर आहे. ‘घरी गोडी लावा’ वाचलं की मला विचारावंसं वाटतं, कुणाच्या घरी? माझ्या वर्गातली काही पोरं दिवाळीच्या पुढं-मागं आईबापांसोबत ऊसतोडीला जातात, ती मार्च-एप्रिलात परत येतात. त्यांच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, गच्ची नाही की प्रश्न ऐकायला कुणी रिकामं नाही. पाढा मात्र बैलगाडीत बसूनही म्हणता येतो. फुकट असतो, हरवत नाही.

आता स्वतःलाच खोडतो. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे जोडून त्रिकोण-चौकोन करायची अरविंद गुप्तांची खेळणी मी वर्गात करून घेतली. चौकोन दाबला की तिरका होतो, त्रिकोण हलत नाही. एक पोरगं लगेच म्हणालं, “गुरुजी, म्हणून कोपीला आडवी-तिरपी काठी बांधत्यात.” त्याला सतराचा पाढा येत नाही. मी काय ठरवू?

ऱ्हाइनकाठ
जरा फाटे फोडतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला ‘वीस एक’, त्रेसष्टला ‘साठ तीन’ म्हणायची पद्धत आली होती आणि केवढा गदारोळ झाला! गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या. मीही तेव्हा चिडलो होतो. आता आम्ही जर्मनीत आहोत. जर्मनमध्येही एकवीस म्हणजे ‘एक आणि वीस’, आपल्यासारखंच एकक आधी. लेक दोन्हीकडून ऐकते आणि २१ ऐवजी १२ लिहून ठेवते. वर एकोणतीस, एकोणऐंशी. म्हणजे पुढचा दशक मनात धरून त्यातला एक वजा! मी घरी ‘वीस एक’ म्हणायला लागलोय. आईला व्हिडिओ कॉलवर कळलं तर काय होईल ते होवो.

जुनी_उजळणी
बाजारात एकोणऐंशी रुपये सांगितले तर लेक काय करणार तुमची?

ऱ्हाइनकाठ
इथल्या बाजारात कोण सांगतंय?

सांजवात
काल एक प्रयोग केला, तो सांगते. देवळालीच्या शाळेतले शिक्षक द. रा. कापरेकर यांचा ६१७४ चा खेळ. चार अंकी संख्या घ्यायची, अंक उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढता क्रम वजा करायचा, उत्तरावर पुन्हा तेच. ३५२४ घेतलं: ५४३२ वजा २३४५, ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, ६१७४. आणि तिथून हलत नाही. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथे पोचतंच. मुलीने खोडसाळपणे ११११ दिलं, शून्य आलं, “अडकवलं!” म्हणून नाचली. चारही अंक सारखे चालत नाहीत, हे तिने असं शोधलं.

सासूबाई आधी लांबून बघत होत्या, मग पाटी ओढून घेतली. तीन अंकी घेतलं तर ४९५ वर थांबतं. दोन अंकी मात्र थांबेचना: ९, ८१, ६३, २७, ४५, परत ९. आम्ही दोघी चक्रावलो. सासूबाई म्हणाल्या, “अगं, हा तर नवाचा पाढा!”

जुनी_उजळणी
बघा! पाढा पाठ होता म्हणून दिसलं.

सांजवात
पाढा साठ वर्षं पाठच होता हो त्यांना. दिसला काल. आज परवच्याच्या वेळेला दोघी पाच अंकी संख्या घेऊन बसल्यात, आणि कुकरच्या शिट्ट्या मला एकटीला मोजाव्या लागतायत.