भर उन्हात गृहभेटी कराव्या लागतात, गालांवर वांग आहे. काय लावू?

सेलूची आशा
नमस्कार. मी वर्धा जिल्ह्यात आशा स्वयंसेविका आहे. एप्रिल-मे महिन्यांतही गृहभेटी चुकत नाहीत. सकाळी बाया कामाला गेलेल्या असतात, घरी सापडतात त्या दुपारीच. धाकट्याच्या वेळी दोन्ही गालांवर वांग आला. दर उन्हाळ्यात तो गडद होतो. दुपट्टा ओला करून बांधते. त्यानं जिवाला थंड वाटतं, पण गाल काळवंडतातच.

जाऊबाई दिवाळीपासून मेडिकलमधून आणलेली एक ट्यूब लावतात. चेहरा उजळ दिसतो, पण चार दिवस खंड पडला की लाली येते, आग होते. मलाही तीच लाव म्हणतात. शेजारच्या काकू लिंबू चोळायला सांगतात. सनस्क्रीन महाग पडतं. ते खरंच लागतं का?

धानपट्टा
ताई, मीही आशाच, भंडाऱ्याकडची. मी सनकोट, हातमोजे आणि वरून रुंद काठाची टोपी घालते. लोक बघतात, बघू देत. लिंबू मात्र लावू नका. आमच्या गावात एकीनं लिंबू लावून ऊन घेतलं, तिच्या हातावर फोड आले आणि नंतर काळे डाग पडले.

त्वचेची डॉक्टर, नागपूर
ताई, ट्यूब लावू नका. जाऊबाईंना तर आधी दाखवायला न्या. ट्यूबवर बारीक अक्षरांत बीटामेथासोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासॉल असं काही लिहिलंय का, ते वाचा. असेल तर ते स्टेरॉइड आहे. सुरुवातीला रंग उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, पुटकुळ्या येतात, ओठांवर-हनुवटीवर लव वाढते, आणि ऊन पूर्वीपेक्षा जास्त बाधतं. 2018 मध्ये केंद्र सरकारनं अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा औषधांत घातली, तरी ती सर्रास हाती पडतात. माझ्याकडे अशा चेहऱ्याच्या मुली येतात तेव्हा फार वाईट वाटतं. जाऊबाईंनीही ट्यूब स्वतःच्या मनानं एकदम थांबवू नये, लाली उसळते. डॉक्टर ती हळूहळू सोडवतील.

लिंबाबद्दल वर लिहिलंय ते खरं आहे. लिंबाच्या सालीत आणि रसात असे घटक असतात की त्यांच्यावर ऊन पडलं की कातडी भाजते.

आता दुपट्टा. उष्मा आणि अतिनील किरणं या दोन वेगळ्या गोष्टी. ओलं सुती कापड गारवा देतं, पण त्यातून किरणं जास्त आत जातात. म्हणून ओला रुमाल मानेला गुंडाळा आणि चेहऱ्यावर घट्ट विणीचा, गडद रंगाचा कोरडा दुपट्टा घ्या. उजेडासमोर धरल्यावर पलीकडचं दिसत असेल तर तो पातळ आहे. मेच्या उत्तरार्धात आपल्याकडे सूर्य भर दुपारी अगदी माथ्यावर असतो. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असेल तोवर किरणं तीव्र आहेत असं समजा. जमेल तितक्या भेटी त्याआधी किंवा नंतर ठेवा.

सनस्क्रीन लागतंच, वांग असताना तर नक्कीच. एसपीएफ, म्हणजे उन्हापासून संरक्षणाचा ट्यूबवरचा आकडा, 30 पुरे. ते त्वचा भाजणारी यूव्हीबी किरणं सुमारे 97 टक्के अडवतं, 50 चं सुमारे 98 टक्के. एवढ्यासाठी जास्त पैसे घालू नका. पण पीए+++ लिहिलेलं बघा, म्हणजे यूव्हीए या दुसऱ्या अतिनील किरणांपासूनही संरक्षण मिळतं. कातडीच्या रंगाचं, आयर्न ऑक्साइड असलेलं मिळालं तर वांगासाठी ते उत्तम, कारण वांग साध्या, दिसणाऱ्या प्रकाशानंही वाढतो आणि आयर्न ऑक्साइड तो प्रकाश अडवतं. चेहरा आणि मान मिळून तर्जनी आणि मधल्या बोटावर लांबीभर रेघ, इतकं लावा. निघण्याआधी एकदा, मग दर दोन तासांनी घाम पुसून पुन्हा.

सेलूची आशा
डॉक्टर, खूप आभार. इतकं लावलं तर 50 ग्रॅमची ट्यूब महिनाभरही पुरणार नाही. मानधनात कसं बसवू?

त्वचेची डॉक्टर, नागपूर
कापडानं झाकला जाणारा भाग सोडा. कोट-हातमोजे घातलेत तर हातांना लागणार नाही. दुपट्ट्याबाहेर राहणारं कपाळ, नाक आणि गालांचा वरचा भाग, इथेच लावा, पण जाडसर लावा. ट्यूब स्कूटीच्या डिकीत ठेवू नका, तिथल्या उष्णतेनं ती खराब होते. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचा विभागात दाखवा, जाऊबाईंनाही सोबत आणा. बीपीची किंवा इतर कुठली गोळी चालू असेल तर तिचं पाकीटही आणा. काही गोळ्यांनी ऊन जास्त बाधतं.