लेझर की इलेक्ट्रोलिसिस? नको असलेल्या केसांचे तुमचे अनुभव

हनुवटी, वरचा ओठ, कल्ले, मान, पाठ. नको तिथे उगवणाऱ्या केसांचा विषय चारचौघांत कोणी काढत नाही, आरशासमोर मात्र तो रोज निघतो. लेझर करावं की इलेक्ट्रोलिसिस, हे मला इतक्या जणींनी (आणि काही पुरुषांनीही) खासगीत विचारलं की म्हटलं, ज्यांनी केलंय त्यांनीच उघड लिहावं. जाहिरातीची भाषा नको. केस कसे होते, त्वचेचा रंग कसा, मागे हार्मोन्सचं कारण होतं का, आणि सगळं उरकून काही काळ लोटल्यावर काय उरलं, एवढं आलं तरी पुष्कळ.

थोडी पायाभूत माहिती आधी देते, म्हणजे तेच तेच लिहावं लागणार नाही. लेझरचा प्रकाश केसातल्या मेलॅनिनमध्ये (केसाला आणि त्वचेला रंग देणाऱ्या द्रव्यात) शोषला जातो, त्याची उष्णता होते आणि ती मुळाला इजा करते. त्यामुळे काळा, जाड केस त्याला सापडतो; पांढरा, सोनेरी, तांबूस सापडत नाही. इलेक्ट्रोलिसिसमध्ये प्रत्येक केसाच्या छिद्रात अतिशय बारीक सुई सरकवून मुळाशी वीजप्रवाह सोडतात. त्याला केसाच्या रंगाशी देणंघेणं नाही. अमेरिकेतली एफडीए (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) लेझरला केसांची 'कायमस्वरूपी घट' एवढंच म्हणू देते, 'कायमस्वरूपी निर्मूलन' हा दावा फक्त इलेक्ट्रोलिसिसला आहे. लेझरवाले हे पहिल्या भेटीत क्वचितच सांगतात.

आता तुम्ही लिहा.

*

मीच सुरुवात करते. पीसीओएस (हार्मोन्सचा तोल बिघडवणारा बीजाशयांचा विकार) आहे, रंग गडद, हनुवटीखाली आणि जबड्याच्या कडेने राठ काळे केस. वर्षानुवर्षं चिमटा चालवला. उपटून उपटून तिथे डाग पडले, केस आत वळायला लागले, आणि केस काढलेल्या दिवशीसुद्धा हिरवट-काळी सावली दिसायची. खरं दुखणं ते होतं.

पहिल्या क्लिनिकमध्ये एकच मशीन होतं आणि येईल त्याला तेच. "कोणत्या तरंगलांबीचं आहे?" असं विचारलं तर "मॅडम, एकदम लेटेस्ट आहे" हे उत्तर. तिथून उठले. दुसरीकडच्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी कागदावर आकृती काढून लेझरचे प्रकार आणि त्यांच्या तरंगलांबी समजावल्या: अलेक्झांड्राइट ७५५ नॅनोमीटर, डायोड साधारण ८००-८१०, एनडी-याग १०६४. तरंगलांबी मोठी तसा प्रकाश खोल जातो आणि वरच्या त्वचेतल्या मेलॅनिनमध्ये कमी अडकतो. म्हणून गडद त्वचेला एनडी-याग जास्त सुरक्षित. मात्र तो दुखतो जास्त आणि बारीक केसांवर कमी पडतो. त्यांनी आधी जबड्याखाली छोट्या जागेवर चाचणी घेतली, काही दिवस थांबून त्वचा पाहिली आणि मगच पुढे गेल्या.

आठवडा उलटला आणि केस उलट वाढायलाच लागले! पोटात गोळा आला. नीट पाहिलं तर वाढत नव्हते, जळलेले केस त्वचेतून वर ढकलले जात होते. तोंड धुताना टॉवेल फिरवला की एखादा न दुखता निघून यायचा, टोकाला मिरीच्या कणाएवढासुद्धा नाही असा काळा ठिपका. दोन-तीन आठवडे हे चालतं. त्या काळात चिमट्याला हात लावायचा नाही, कारण लेझरला मुळाशी केस हवा असतो. रेझर चालतो. वॅक्सिंग आणि थ्रेडिंग सिटिंगच्या आधी किमान चार आठवडे बंद.

सोबत हार्मोन्सची औषधं सुरू होती. त्यांचा केसांवर परिणाम दिसायला सहा महिने तरी जातात, हे आधी कोणी सांगत नाही आणि मग लोक मध्येच सोडतात. आता सावली गेली आहे. केस आहेत, पण मोजके आणि मऊ. अधूनमधून टचअप लागतो. पीसीओएस कुठे गेलेला नाही, तेव्हा नवी मुळं जागी होत राहणार, हे मी धरूनच चालते.

*

वरच्या ताईंना अनुमोदन, विशेषतः चाचणीच्या मुद्द्याला. उन्हाने रापलेल्या त्वचेवर लेझर करू नका हेही त्यात घाला. माझ्या पोटऱ्यांवर सहलीहून आल्या आल्या केलं आणि पट्ट्यापट्ट्यांचे डाग उठले. करणाऱ्या मुलीने उन्हाचं विचारलंही नव्हतं. डाग जायला केस जाण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

*

माझी पाळी थांबून बरीच वर्षं झाली. हनुवटीवर मोजके केस, पण राठ, आणि निम्मे पांढरे. लेझरच्या ठिकाणी मला अख्ख्या चेहऱ्याचं पॅकेज देत होते. "पांढऱ्यांचं काय?" म्हटल्यावर "होतील कमी" म्हणाले. कसे होतील? सुनेने शोधून इलेक्ट्रोलिसिस करणाऱ्या बाई गाठून दिल्या.

दुखतं का, तर हो. प्रत्येक केसाला एक चटका. हनुवटीवर सोसवतं, ओठाच्या मधोमध, नाकाखाली, डोळ्यांतून आपोआप पाणी येतं. सुई गेली, चटका बसला, मग बाई चिमट्याने केस उचलतात. तो ओढ न लागता अलगद सुटून येतो. ओढ लागली तर मूळ अजून धरून आहे असं समजायचं, हे मला दुसऱ्या भेटीतच कळायला लागलं होतं. नंतर लाली, थोडी सूज, बारीक खपल्या. खपल्या नखाने काढल्या तर डाग राहतो.

सगळ्यात जड काय गेलं सांगू? केस वाढू द्यावे लागतात. चिमट्यात धरता येईल इतका, दोन-तीन मिलिमीटर तरी. ज्या केसांना आयुष्यभर उगवू दिलं नाही ते मुद्दाम बाळगायचे. मास्क लावून वावरले. पण जे गेले ते गेले. माझ्यासारखे थोडे आणि पांढरे केस असतील तर लेझरच्या वाटेला जाऊच नका.

*

मी इलेक्ट्रोलिसिसचं काम करते, तेव्हा थोडं आतलं. ही पद्धत सौंदर्यासाठी निघालेलीच नव्हती. चार्ल्स मिशेल या अमेरिकी नेत्रतज्ज्ञाने १८७५ मध्ये आत वळून बुबुळाला टोचणाऱ्या पापण्यांच्या केसांसाठी ती वापरली.

तिचे तीन प्रकार आहेत. गॅल्व्हॅनिकमध्ये एकदिश प्रवाहाने छिद्रातल्याच मीठ-पाण्यापासून सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडा, तयार होतो आणि तो मूळ नष्ट करतो. हळू चालतं, पण वाकड्या मुळापर्यंतही पोचतं. थर्मोलिसिसमध्ये उच्च वारंवारतेच्या प्रवाहाने उष्णता निर्माण होते, काम झटपट होतं. ब्लेंडमध्ये दोन्ही एकत्र. वर्षानुवर्षं उपटलेल्या केसांची मुळं बरेचदा वाकडी झालेली असतात, तिथे मी ब्लेंड घेते.

एकच केस दोनदा-तीनदा करावा लागतो म्हणून लोक वैतागतात. पण केस वाढीच्या टप्प्यात असतानाच मूळ नीट मारता येतं, आणि कुठल्याही वेळी सगळे केस त्या टप्प्यात नसतात. काही विश्रांतीत असतात, काही त्वचेखालून अजून वर यायचे असतात. हे दोन्ही पद्धतींना लागू आहे, म्हणून तर लेझरच्या सिटिंग्जही चेहऱ्याला चार ते सहा आठवड्यांनी आणि अंगाला त्याहून लांब अंतराने ठेवतात. उद्या लग्न आहे, आज सगळं काढून द्या, असं सांगणाऱ्यांना मी थ्रेडिंग करा म्हणते.

माणूस पारखायचा कसा? सीलबंद, एकदाच वापरायची सुई तुमच्यासमोर फोडली पाहिजे. हातमोजे, भिंगाचा दिवा. एकमेकांना चिकटून असलेले केस एकाच बैठकीत सलग करत सुटणारा नको, त्वचा भाजते. आणि हृदयात पेसमेकर बसवलेला असेल तर हे करू नका. आम्ही विचारायला विसरलो तरी तुम्ही सांगा.

लेझरचा मला राग नाही. अख्खी पाठ घेऊन कोणी आलं तर मीच लेझरकडे पाठवते. सुईने पाठ करायची म्हणजे खुरप्याने एकेक तण उपटत अख्खं शेत साफ करणं.

*

माझा अनुभव उलटा आहे आणि तो मुद्दाम लिहिते, कारण मला आधी कोणी सावध केलं नाही. कल्ल्यांवर आणि गालांवर नुसती लव होती. बारीक, मऊ, जवळून पाहिल्याशिवाय दिसणार नाही अशी. पार्लरमधल्या बाईंनी आयपीएल सुचवलं. (आयपीएल म्हणजे लेझर नव्हे. अनेक तरंगलांबींच्या प्रकाशाचा झोत असतो तो. पाटीवर मात्र लेझर लिहिलेलं होतं.) सिटिंग्ज होत गेल्या तशी लव जाड आणि काळी होत गेली, आणि जिथे काही नव्हतं तिथे गळ्याकडेही पसरली. "अजून दोन सिटिंग्ज करा" हे एकच उत्तर.

शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. ते म्हणाले, हा माहीत असलेला दुष्परिणाम आहे, पॅरॅडॉक्सिकल हायपरट्रायकोसिस म्हणतात. चेहरा आणि मानेवर जास्त दिसतो, गडद रंगाच्या आणि हार्मोन्सचा त्रास असलेल्या स्त्रियांमध्ये विशेष. माझी तपासणी झाली तेव्हा हार्मोन्समध्येही गडबड निघाली. आता जाड झालेले केस इलेक्ट्रोलिसिसने काढतेय. कानासमोरच्या पट्ट्यात बरंच साफ झालंय, गळा बाकी आहे.

लव असेल तर तिला हात लावू नका, हे माझं ठाम मत झालंय. ब्लीच करा, नाहीतर तशीच राहू द्या.

*

पुरुषाने लिहिलेलं चालेल ना? मानेवरचे केस कुरळे, दाढी केली की आत वळायचे, पुळ्या, पू, डाग. डॉक्टर म्हणाले, दाढीच कमी करा, पण नोकरीत ते जमण्यासारखं नव्हतं. मानेच्या खालच्या अर्ध्या भागावर लेझर घेतलं. सगळे केस जायला नकोच होते, विरळ झाले तरी पुरे होतं, आणि तेवढं झालं. पुळ्या जवळजवळ थांबल्या.

माझ्या भावाला माकडहाडाजवळ केसांमुळे होणारा सायनस (नाकाचा नव्हे, त्वचेखालची पोकळी) होता. शस्त्रक्रियेनंतर तो परत होऊ नये म्हणून सर्जननीच तिथे लेझर सुचवलं. म्हणजे हे फक्त दिसण्याचं प्रकरण नाही.

*

मी ट्रान्स स्त्री आहे. हार्मोन्स सुरू केले की दाढी जाईल अशी आशा बऱ्याच मैत्रिणींना असते. अंगावरचे केस मऊ होतात, दाढीचे मात्र एकदा जाड झालेले केस इस्ट्रोजेनने जात नाहीत. ते काढावेच लागतात.

निवड करायची वेळ माझ्यावर आलीच नाही, कारण मला दोन्ही लागले. आधी लेझर, म्हणजे काळ्या केसांचा मुख्य भार उतरला. मग उरलेल्या तुरळक काळ्या आणि सगळ्या पांढऱ्या केसांना सुई. हा क्रम उलटा केला असता तर तास आणि पैसे दोन्ही पाण्यात. पूर्ण दाढी नुसत्या इलेक्ट्रोलिसिसने काढायची तर शंभरावर तास सहज जातात. आणि केस पांढरे व्हायला लागले असतील तर लेझर लांबणीवर टाकू नका, दर वर्षी त्याच्या हाती लागणारे केस कमी होत जातात. जननेंद्रियांची शस्त्रक्रिया करायची असेल तर तिथले केस आधी काढावे लागतील का, हे सर्जनला अगदी सुरुवातीला विचारून ठेवा. त्यालाही कित्येक महिने लागतात.

बधिर करणाऱ्या क्रीमबद्दल एक. मोठ्या भागावर जाड थर फासून वर प्लॅस्टिक गुंडाळणं धोक्याचं आहे, औषध रक्तात जाऊन लोक दगावलेत. किती, कुठे, किती वेळ, हे डॉक्टरांनाच विचारा.

*

माझी मुलगी शाळेत आहे. ओठावर केस आले, वर्गात मुलं चिडवतात, तिला लेझर "आत्ताच्या आत्ता" हवं होतं. स्त्रीरोगतज्ज्ञांनी मशीनचं नावही न काढता आधी पाळीचं विचारलं, मग अंगावर नऊ ठिकाणी केस किती आहेत ते पाहून गुण मांडले, मग रक्ततपासणी. केस एकाएकी वाढले, आवाज जाड झाला, डोक्यावरचे केस पुरुषांसारखे विरळ झाले तर एक दिवसही थांबायचं नाही, असं बजावलं. हिच्यात तसं काही निघालं नाही. या वयात हार्मोन्स अजून स्थिरावत असतात, आज साफ केलं तरी नवे येत राहतील, म्हणून थांबायचं ठरवलं. तोवर चेहऱ्याचा छोटा रेझर.

आजीने "रेझरने दाट येतील गं" म्हणून घर डोक्यावर घेतलं. डॉक्टर म्हणाल्या, रेझर वरचा केस कापतो, मुळाला शिवतही नाही. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून हाताला टोचतं, इतकंच. आजींना अजून पटलेलं नाही. मुलगी खूश आहे.

*

दोन्ही नको, असं ठरवलेलं कोणी आहे का इथे? मी आहे. चौकशी केली, खर्च ऐकला, सिटिंग्जचं गणित ऐकलं आणि घरी आले. थ्रेडिंग चालू आहे, कंटाळा आला तर तेही नाही.

*

इलेक्ट्रोलिसिसवाल्या ताई, भुवयांच्या मधल्या केसांना लेझर चालेल का? आणि ओठाजवळच्या तिळावर दोन केस आहेत, त्यांचं काय?

*

भुवया आणि डोळ्यांच्या खोबणीच्या आतल्या भागाला लेझर नको. चष्मा लावला तरी पापणीतून प्रकाश आत जाऊन डोळ्याला इजा झालेली आहे. भुवयांच्या मधल्या केसांना सुई उत्तम, काम थोडकं असतं. तिळावर लेझर मारत नाहीत, तिळातच मेलॅनिन भरलेलं असतं. सुईने ते दोन केस निघतील, पण आधी तीळ त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि हरकत नाही असं लिहून आणा. माझ्याकडे चिठ्ठीशिवाय तीळ घेत नाही.