अनुभव धागा : एमपीएच करायचं कसं ठरवलंत, तयारी कशी केलीत?

मी बीएएमएस. बीड जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून माझं चौथं वर्ष चालू आहे. एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी (मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ), करायचं मनात पक्कं बसलंय, पण कुठे, कधी आणि कशाच्या जोरावर, ते ठरत नाही. ज्यांनी केलंय, ज्यांनी ठरवून सोडून दिलंय, जे अर्ज भरून वाट बघतायत, त्या सगळ्यांना विनंती की इथे लिहा. कॉलेजांची यादी नको, ती कुठेही मिळते. तुम्ही कशावरून ठरवलंत आणि आधीचं वर्षभर काय केलंत, ते हवंय.

आधी माझं सांगते. आमच्याकडे बीपी-शुगरच्या पेशंटची दर महिन्याला यादी निघते. दिवाळी झाली की त्यातली कितीतरी नावं गळतात आणि रजिस्टरमध्ये त्यांच्यापुढे ‘औषध बंद’ असा शेरा पडतो. खरं तर ती माणसं ऊसतोडीला गेलेली असतात. कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी कर्नाटकात. परततात ती पार उन्हाळ्यात. पहिल्या वर्षी मी त्यांना रागवायचे. दुसऱ्या वर्षी आशाताईंना सोबत घेतलं आणि टोळ्या निघायच्या आधी मुकादमांकडून नावं मिळवून दोन-दोन महिन्यांच्या गोळ्या बांधून दिल्या. साठा संपला. पुढच्या महिन्यात गावात मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना द्यायला काही उरलं नाही. गोळ्या गावाच्या हिशेबाने येतात, आणि गाव तर सहा महिने दुसऱ्या जिल्ह्यात असतं. हा प्रश्न माझ्या टेबलावर सुटणारा नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

जामखेड आमच्यापासून लांब नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जॉन्स हॉपकिन्समधून एमपीएच करून आले आणि १९७० साली त्यांनी तिथे काम उभं केलं. फारशा न शिकलेल्या बायकांना त्यांनी गावाच्या आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडवलं. त्या शिक्षणात असं काय शिकवतात, याची ओढ मला हे कळल्यापासून आहे.

एमबीबीएस, सध्या विदर्भात

सरकारी सेवेच्या बाँडचं वर्ष पीएचसीवर (प्राथमिक आरोग्य केंद्रावर) काढलं तेव्हा घरच्यांचा एकच धोशा होता, नीट-पीजीचा अभ्यास कर. एमडी पीएसएम (म्हणजे कम्युनिटी मेडिसिन) करावं की एमपीएच, यात माझे आठ महिने गेले. मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं म्हणून इथे स्पष्ट लिहितो. मेडिकल कॉलेजात कम्युनिटी मेडिसिन शिकवायचं असेल तर एमडीच करा. एमपीएच त्याची जागा घेत नाही. मला शिकवायचं नव्हतं, म्हणून तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेतलं अच्युत मेनन केंद्र निवडलं. तिथला एमपीएच १९९७ पासून चालू आहे. एमबीबीएस झालेल्यांनी आणि सरकारी सेवेतल्यांनी चेन्नईची आयसीएमआर-एनआयई (राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था) ही संस्थाही बघावी. तिथे साथरोगशास्त्राचा पाया फार पक्का करून घेतात.

तयारीबद्दल सांगतो. गणित दहावीनंतर मनातून गेलेलं. सहा महिने रोज रात्री तासभर संख्याशास्त्र घेऊन बसायचो, पण सूत्रं पाठ करून काही हाती लागलं नाही. मग आमच्या पीएचसीतल्या वर्षभराच्या बाळंतपणांच्या नोंदी एक्सेलमध्ये भरल्या. कमी वजनाची बाळं कुठल्या उपकेंद्रात जास्त, एवढंच बघायचं होतं. एका उपकेंद्रात जवळपास सगळी बाळं नेमकी २.५ किलोची निघाली! बाळं अशी साच्यातून काढल्यासारखी जन्मत नाहीत. जाऊन पाहिलं तर काटा कधीचा बिघडलेला, आणि सिस्टर बाळ हातात घेऊन अंदाजाने आकडा लिहायच्या. २.५ च्या खालचा आकडा लिहिला की पुढे बाळाच्या जादा भेटी आणि चार प्रश्न, म्हणून २.५. त्यांना दोष देऊन उपयोग नव्हता, काट्याची मागणी त्यांनी दोनदा केली होती. ‘बायस’ (नोंदीत एकाच बाजूला झुकणारी चूक) हा शब्द मी वर्गात शिकलो, पण त्याची गाठ तिथेच पडली होती.

म्हणून ताई, तुम्ही पुस्तकाच्या आधी तुमचं रजिस्टर उघडा. टोळ्यांबरोबर गेलेल्यांची वेगळी नोंद आजपासून ठेवा. तुमच्या अर्जात याहून मोलाचं काही नसेल.

मराठी माध्यम, लातूर ते देवनार

मी डॉक्टर नाही, बीए आहे. एमपीएच फक्त डॉक्टरांसाठी असतं असं आमच्याकडे सगळ्यांना वाटतं, मलाही वाटायचं. माझ्या वर्गात फिजिओथेरपी, नर्सिंग, समाजकार्य, अर्थशास्त्र अशा सगळ्या शाखांतले लोक होते. आमच्या वेळी टिसला (देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत) यायला टिसनेट ही त्यांची प्रवेश परीक्षा द्यावी लागायची, आता सीयूईटी-पीजी ही देशपातळीवरची परीक्षा लागते.

माझी खरी लढाई इंग्रजीशी होती. बोलण्यापेक्षा वाचण्याची जास्त. आदल्या वर्षी मी एक नेम धरला. दिवसाला एक लेख, पंधरा पानांचा असो की चार पानांचा. वाचून झाला की त्यात काय म्हटलंय ते आधी मराठीत पाच ओळींत लिहायचं, मग इंग्रजीत. मराठीत लिहिता आलं नाही तर आपल्याला समजलेलंच नाही, हे धरून पुन्हा वाचायचं. डॉ. अभय आणि राणी बंग यांचा गडचिरोलीतल्या घरोघरच्या नवजात बाळसेवेवरचा १९९९ चा ‘लॅन्सेट’मधला लेख मी असा चार दिवस वाचला. ३९ गावांत सेवा, शेजारच्या गावांशी तुलना, आणि नवजात मृत्युदरात ६२ टक्के घट. तुलनेची गावं कशाला हवीत, हे त्या चार दिवसांत डोक्यात शिरलं ते कायमचं.

मुलाखतीचंही लिहिते, कारण ती मी विसरू शकत नाही. एका ठिकाणी मला विचारलं, “तुमच्या गावात माणसं कशाने मरतात?” मी म्हटलं, हार्ट अटॅक, अपघात. “कशावरून?” मी जरा वेळ गप्प राहिले. मग खरं तेच सांगितलं, “वर्षभरात ज्यांच्या दहाव्याला गेलो, त्यांच्यावरून.” मॅडमनी शांतपणे विचारलं, “आणि ज्यांच्या दहाव्याला तुमच्या घरचं कोणी जात नाही, त्यांचं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिथे निवड झाली नाही, पण गावी परत आल्यावर मी ग्रामपंचायतीचं मृत्यूनोंदीचं रजिस्टर पहिल्यांदा बघितलं. वस्तीतल्या कितीतरी मृत्यूंपुढे कारणाचा रकाना रिकामा होता.

बीडीएस, अमेरिकेत एमपीएच

माझी चूक आधी लिहिते. मला वाटलं होतं एमपीएच केलं की तिथे दात बघायला मिळतील. तसं होत नाही. परवान्याचा रस्ता पूर्ण वेगळा आहे, एमपीएचने तो उघडत नाही. बरोबरचे तीन-चार जण याच समजुतीने आले होते. बाबांचं घर तारण ठेवून कर्ज काढलं होतं, त्यामुळे पहिलं सत्र रडत काढलं. मग साथरोगशास्त्रात जीव रमला आणि ‘आर’ हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर शिकले, ते पुढे पोटापाण्याला आलं.

बहुतेक अर्ज सोफास या एकाच पोर्टलवरून जातात. त्यासाठी आपल्या गुणपत्रकांचं डब्ल्यूईएस या परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थेकडून मूल्यांकन लागतं, आणि विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट निघायलाच मला दोन महिने लागले. ते काम सगळ्यात आधी सुरू करा. सीईपीएच (सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी तिथली संस्था) मान्यता आहे का, आणि अभ्यासक्रम स्टेममध्ये (विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या यादीत) धरला जातो का, या दोन गोष्टी लेखी विचारून घ्या. नंतर तिथे किती काळ काम करता येईल ते दुसऱ्या उत्तरावर ठरतं, आणि कर्ज फिटणार की नाही तेही.

नर्स, रत्नागिरी जिल्हा

मी ब्रिटिश सरकारच्या चेवनिंग शिष्यवृत्तीवर एका वर्षाचं एमएस्सी करायला ब्रिटनला गेले. त्यासाठी २,८०० तासांच्या कामाचा अनुभव लागतो, आणि कोर्स संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं. माझ्या वेळी चार निबंध होते. नेतृत्वावरचा माझा पहिला निबंध ‘मला लहानपणापासून सेवेची आवड’ असा सुरू झाला होता. मैत्रिणीने सगळा खोडला. “तू बुधवार बदललास, ते लिही,” म्हणाली.

आमच्या गावात बुधवारी लसीकरण असायचं आणि बुधवारीच मासळीचा मोठा बाजार. आया टोपल्या घेऊन पहाटेच निघायच्या. वार बदलून घ्यायला मला सात महिने लागले. सरपंच, अंगणवाडीताई, तालुका कार्यालय, लस पोचवणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर, सगळ्यांना भेटत राहिले. शेवटी अडलं होतं ते गाडीच्या फेरीपाशी. मी तेवढंच लिहिलं.

अनुसूचित जातीतल्या मुलामुलींनी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीही जरूर बघावी. माझ्या ओळखीतली दोन मुलं त्यावर शिकली.

अर्ज भरला, गेलो नाही

आईचं डायलिसिस सुरू झालं म्हणून राहिलो. एनआयईचा आरोग्य संशोधनावरचा मोफत ऑनलाइन कोर्स केला, एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर आहे. तालुक्याच्या कामात तो रोज उपयोगी पडतो. जायचं अजून मनात आहे.

धागा सुरू करणारी

सगळ्यांचं दोन-तीनदा वाचलं. काल वेगळी वही केली आणि मागच्या हंगामात गेलेल्यांची नावं लिहून काढली. माझ्या एका गावातून बीपीची ४७ माणसं गेली होती. त्यातल्या १९ जणांकडे वाटेत कुठूनतरी गोळ्या घेतल्याची चिठ्ठी आहे. बाकीच्यांना अजून विचारायचंय. हंगाम सुरू व्हायला फार दिवस नाहीत. सांगली, कोल्हापूर, बेळगावकडे कारखान्याच्या तळावर कोणी आरोग्याचं काम करत असेल तर कृपया इथे लिहा. तिथल्या खोपटांपासून सगळ्यात जवळचं उपकेंद्र कुठलं, आणि दुसऱ्या जिल्ह्याचं कार्ड दाखवलं तर तिथे गोळ्या देतात का, एवढं कळलं तरी मला पुढचं पान लिहिता येईल.