एबीएस आणि ब्रेकचा दिवा: कोड पुसला की दोन दिवस बरं, मग परत तेच

चिखलवाट_फोंडा

नमस्कार मंडळी. गाडी २०१३ची डिझेल फोर बाय फोर, पुढे डिस्क, मागे ड्रम. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, नाहीतर धागा ब्रँडच्या भांडणात जाईल.

पाऊस लागल्यावर नेत्रावळीच्या बाजूला गेलो होतो. एक व्हाळ (ओढा) ओलांडला, पाणी हबच्या वर होतं. त्या आठवड्यातच एबीएसचा (जोरात ब्रेक लावला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) पिवळा दिवा लागला. गॅरेजवाल्याने स्कॅनर लावून कोड (गाडीने नोंदवलेला दोषाचा नंबर) पुसला, दिवा गेला आणि परत आला. आता त्याच्या जोडीला ब्रेकचा लाल दिवापण. मात्र लाल कायम नसतो, वळणावर किंवा चढावर लागतो, सपाटीला आलं की जातो. गॅरेजवाला म्हणतो एबीएसचं मॉड्यूल (कंट्रोल करणारा डबा) गेलं, बदलावं लागेल, पंचेचाळीस हजार. ब्रेक तर मला नेहमीसारखेच लागतात. जुन्या गाडीत एवढे पैसे घालावे का?

कुडचडे_डिझेल

बॅटरीची निगेटिव्ह काढून रात्रभर ठेव. माझ्या गाडीचे सगळे दिवे असेच गेले.

डिचोली_वायरमन

बॅटरी काढून काही कोड पुसले जातात, काही जात नाहीत, आणि दोष तर जागेवरच राहतो. वर रेडिओला कोड असेल तर तो शोधत बसा. कुडचडेकर, राग मानू नका.

चिखलवाटबाब, पहिली गोष्ट: पुसण्याआधी कोड कोणता होता ते गॅरेजवाल्याने कागदावर दिलं का? नसेल दिलं तर मॉड्यूल गेलं हे त्याला कुठून कळलं? मी खाणीच्या टिपरांचं वायरिंग करायचो. २०१२ला खाणी बंद पडल्या, तेव्हापासून जीपगाड्याच करतो. मॉड्यूल खरोखर मेलेलं फार थोड्या वेळा बघितलंय. बहुतेक वेळा वायर, कनेक्टर नाहीतर अर्थिंग असतं.

तुमच्याकडे दोन वेगळे आजार आहेत असं मला वाटतं. लाल दिवा वळणावर आणि चढावर लागतो म्हणालात, त्यातच उत्तर आहे. ब्रेक ऑइलची बाटली बघा. ऑइल खालच्या रेषेवर आलेलं असलं की गाडी कलली की ते एका बाजूला जातं, फ्लोट खाली बसतो आणि दिवा लागतो. पण नुसतं ऑइल ओतून मोकळे होऊ नका. पॅड झिजतात तसा पिस्टन बाहेर येतो आणि बाटलीतली पातळी उतरते, म्हणून आधी पुढचे पॅड बघा आणि मागच्या ड्रमच्या आत गळती आहे का तेही. ऑइल झाकणावर लिहिलेल्या डॉट नंबरचंच (म्हणजे त्याच दर्जाचं), सीलबंद डब्यातलं. उघडा डबा आपल्या हवेत ओल धरतो.

मग पिवळा. स्वस्तातला ब्लूटूथ ओबीडी डोंगल (गाडीच्या सॉकेटला लावून मोबाइलवर कोड दाखवणारा) इंजिनाचे कोड वाचतो, एबीएसचे बहुतेक वेळा वाचत नाही. एबीएस वाचणारा स्कॅनर असलेल्या माणसाकडे जा आणि कोड पुसायला नव्हे, चारही चाकांचा चालू वेग दाखवायला सांगा. रिकाम्या सरळ रस्त्यावर वीसच्या स्पीडने चालवा, शेजारी दुसरा माणूस स्क्रीन बघेल. तीन चाकं वीस दाखवतात आणि एक मध्येच शून्यावर पडतं, तर तेच चाक. कोड सी ००३५ आला तर सहसा पुढचं डावं असतं, सी ००४५ म्हणजे मागचं डावं, पण कंपनीप्रमाणे फरक पडतो म्हणून नंबरापेक्षा स्क्रीनवर विश्वास ठेवा.

त्या चाकाचा वेग मोजणारा सेन्सर काढा. टोकाला तांबडी माती आणि लोखंडाचा कीस चिकटलेला असेल, तर पुसा. खरी भानगड दात्याच्या रिंगेत असते, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी आणि सेन्सर जिचे दाते मोजतो ती. गंज रिंगेखाली शिरला की तो तिला फुगवतो, सेन्सर आणि रिंग यांमधलं अंतर बिघडतं, कधी रिंग चिरते. कनेक्टर उघडून पिना हिरव्या पडल्यात का बघा. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, सुकू द्या, मग डायलेक्ट्रिक ग्रीस (वीज न वाहणारं, ओल रोखणारं). जुन्या पद्धतीचा कॉइलवाला सेन्सर असेल तर मीटरवर साधारण एक-दोन हजार ओहमच्या आसपास येतो, दुसऱ्या बाजूच्या चाकाशी ताडून बघा. नवीन पद्धतीच्या हॉलवाल्या (आत इलेक्ट्रॉनिक चिप असलेल्या) सेन्सरला ओहम लावू नका.

हे सगळं करण्याआधी बॅटरी मोजा. इंजिन बंद असताना साडेबाराच्या वर, चालू असताना चौदाच्या आसपास. व्होल्टेज पडलं की एबीएस स्वतःच दिवा लावून झोपतं.

आणि दोन्ही दिवे एकदम कायम राहिले तर ईबीडीही (पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटणारी यंत्रणा) बंद झालेलं असू शकतं. मग ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी लॉक होतात. तसल्या गाडीने अनमोड घाट उतरू नका.

चिखलवाट_फोंडा

वायरमनबाब, बाटली अगदी खालच्या रेषेवर होती. पुढचे पॅड जवळजवळ संपलेले. पॅड बदलले, पातळी आपोआप वर आली, लाल गेला. फोंड्यातल्या दुसऱ्या एकाकडे चारही चाकांचा वेग बघितला, मागचं डावं पंधराच्या खाली गेलं की थेट शून्य. सेन्सर काढायला जातोय तर तो हबमध्ये गंजून घट्ट बसलाय. हातोडा मारू का?

डिचोली_वायरमन

अजिबात नाही, टोक आतच तुटून राहील. गंज सुटायचा स्प्रे मारून रात्रभर ठेवा, सकाळी हळूहळू दोन्हीकडे फिरवत काढा. निघालाच नाही तर मोडणार हे धरूनच नवा आणून ठेवा. एक सेन्सर मॉड्यूलच्या मानाने काहीच नाही. लावण्याआधी भोक तारेच्या ब्रशने साफ करा, नाहीतर नवा तिरपा बसेल. मग कोड पुसा. काही गाड्यांत दिवा लगेच विझत नाही, थोडी चालवून चाकांचा सिग्नल नीट मिळाला की विझतो.

कुडचडे_डिझेल

माझा एअरबॅगचा दिवा मात्र बॅटरी काढूनच गेला होता हो.

डिचोली_वायरमन

मग सीटखालचा पिवळा कनेक्टर हलवून बघा, पण आधी इग्निशन बंद, बॅटरी काढून थोडा वेळ थांबून. आणि नवीन धागा काढा.