ऊसतोडीला गेलेल्या बीपी-शुगरच्या पेशंटला ऑटोमॅटिक कॉल, कुणी वापरलंय का?

माजलगावची सिस्टर
नमस्कार, आमचा छोटा दवाखाना आहे. बीपी शुगरचे बरेच पेशंट दिवाळीच्या आसपास टोळीसोबत कोल्हापूर सांगली नाहीतर कर्नाटकात जातात ते डायरेक्ट उन्हाळ्यातच गावाकडं येतात, मधी कुणाची गोळी संपली कुणी सोडली काहीच कळत नाही. डॉक्टर म्हणायलेत आठवड्याला ऑटोमॅटिक फोन लावू, गोळी चालू असेल तर १ दाबा, नसेल तर २. स्मार्टफोन सगळ्यांकडं नाही, ॲपचा उपयोग नाही. कुणाला अनुभव? आणि मेन म्हणजे पेशंटनी जे बटण दाबलं ते केसपेपरवर कसं लिहायचं?

लातूरकर
ताई, साध्या फोनवर मस्त चालतं. सरकारचं किलकारी तसंच आहे, गरोदर बाईला आणि बाळ वर्षाचं होईपर्यंत आठवड्याला फोन येतो, फक्त तिथं ऐकायचं असतं. टीबीसाठी ९९डॉट्स होतं, पाकिटातून गोळी काढली की मागं लपलेला नंबर दिसायचा, त्याच्यावर फुकट कॉल लावला की त्या दिवसाची नोंद व्हायची. बीपीचा आकडा विचारणार असाल तर वरचा वेगळा खालचा वेगळा विचारा आणि मशीननी परत वाचून दाखवावं, "तुम्ही १५० दाबलं, बरोबर असेल तर १ दाबा". नाहीतर १५० चं १५ होतं.

अंबाजोगाई
मी असल्या कॉलच्या कामात होते. लोक बटण दाबायला फोन कानापासून काढतात तेवढ्यात पुढचा प्रश्न निघून जातो, म्हणून थांबायला वेळ द्या, प्रश्न दोनदा येऊ द्या. आवाज तुमचाच टाका ताई, "रक्तदाब नियंत्रणात आहे का" असलं नको, "बीपीची गोळी रोज घ्यायलाव का" असं विचारा. पहाटे फडात असतात, गाडी भरायला कधी रात्र होते, म्हणून फोनची वेळ गाव सोडायच्या आधीच ज्याला त्याला विचारून ठेवा. आणि फोन बऱ्याचदा नवऱ्याकडं नाहीतर पोराकडं असतो, कोण बोलतंय ते कळल्याशिवाय आजाराचं नाव घेऊ नका.

परभणीचा डॉक्टर
नोंदीचं सांगतो. "पेशंटनी फोनवर कळवलं" असंच लिहा, तारीख, वेळ, काय दाबलं, फोन कुणी घेतला. आपण मोजलेला बीपी आणि त्यांनी सांगितलेला बीपी एका रकान्यात कधीच नको, पुढचा डॉक्टर तेच बघून डोस वाढवल. फोन उचलला नाही तर "उत्तर नाही" लिहा, मोकळं सोडलं की सगळं ठीक आहे असं वाटतं आणि खरा धोका तिथंच असतो. २०२० च्या टेलिमेडिसिन गाईडलाईन्सप्रमाणं आपण देशात कुठल्याही भागातल्या पेशंटला फोनवर सल्ला देऊ शकतो, त्यामुळं कर्नाटकातल्यांची काळजी नको, पण गोळी बदलायची तर डॉक्टरनीच बोलायचं. छातीत दुखतंय हे बटण दाबलं की मशीननी लगेच १०८ लावायला सांगावं, ते तिकडंही चालतं, आणि त्याच मिनिटाला तुमच्या ड्युटीवरच्या माणसाचा फोन वाजला पाहिजे. कुणी काय दाबलं त्याची रोजची यादी बघायला माणूस ठरलेला नसेल तर सिस्टीम चालूच करू नका, पेशंटला वाटतं दवाखान्याला कळवलं, आता ते बघतील.

माजलगावची सिस्टर
सर, दोन आठवडे उत्तरच नाही आलं तर?

परभणीचा डॉक्टर
एका आठवड्यातच स्वतः लावा. लागला नाही तर टोळीतल्या दुसऱ्या कुणाला, म्हणून निघायच्या आधी पेशंटला विचारून तो नंबर केसपेपरवर घेऊन ठेवा. इन्सुलिनवाल्यांना तर मशीनवर सोडूच नका, त्यांना तुम्हीच बोला.