औषधांच्या किमतीवर आपण हरकत नोंदवायची की नाही?

दांडिया बाजारकर
नमस्कार बडोदेकर. औषधांच्या कमाल किमती ठरवणारं केंद्राचं प्राधिकरण, एनपीपीए, किंमत पक्की करण्याआधी हिशेबाचा मसुदा संकेतस्थळावर टाकून हरकती मागवतं. कंपन्या कागदपत्रांसकट हरकती देतात. दरमहा पैसे मोजणारे आपण गप्प! १९०७ पासून अलेंबिक ज्या शहरात औषधं बनवतंय, तिथल्या लोकांनी तरी लिहावं, असं मला मनापासून वाटतं. आईची बीपीची गोळी आणायला रावपुऱ्यात जातो. महिनाअखेरीला लोक पूर्ण पट्टी घेत नाहीत. दुकानदार कात्रीने पाच गोळ्या कापून देतो, एक्स्पायरीची तारीख उरलेल्या तुकड्यावर राहते. दिल्लीच्या तक्त्यात हे कुठे दिसणार?

निवृत्त हिशेबनीस
कळकळ पटते, पण उपयोग नाही. औषध किंमत नियंत्रणाच्या २०१३ च्या आदेशाचं सूत्र ठरलेलं आहे. बाजारात १ टक्का किंवा जास्त वाटा असलेल्या ब्रँडची विक्रेत्याला पडणारी किंमत घ्यायची, सरासरी काढायची, वर विक्रेत्याचे १६ टक्के. मसुद्यावर आकडेमोड तपासतात, कुणाची अडचण नाही.

दांडिया बाजारकर
मग सूत्रावरच लिहू या, काका. १९९५ च्या आदेशात उत्पादनखर्च धरून किंमत ठरायची. आता महागडे ब्रँडच सरासरी वर ओढतात. आणि स्टेंटचं, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या जाळीचं आठवा. बिरेंदर सांगवान या वकिलांनी दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली. २०१६ मध्ये स्टेंट आवश्यक औषधांच्या यादीत, म्हणजे ज्यांची कमाल किंमत बांधली जाते त्यांत आला, फेब्रुवारी २०१७ मध्ये औषध लावलेल्या स्टेंटची कमाल किंमत कर सोडून २९,६०० रुपये झाली. आधी लाखाच्या वर मोजायचे लोक!

निवृत्त हिशेबनीस
ती कोर्टाची लढाई होती, अर्ज नव्हे. शिवाय एकाची किंमत बांधली की वसुली दुसरीकडे होते. २०१८ मध्ये एनपीपीएनेच दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिलं तपासली, तेव्हा नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत निघाला.

मेडिकलवाला
दुकान चालवतो म्हणून सांगतो. यादीत औषधाचं नाव असून भागत नाही, मात्रा आणि रूपही यादीतलं लागतं. यादीबाहेरच्या औषधाची एमआरपी कंपनी वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढवू शकते. तिथे ना मसुदा, ना हरकत. खरी गाठ डॉक्टरांच्या चिठ्ठीत आहे. चिठ्ठीवर ब्रँड असला की मला परस्पर दुसरा देता येत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये डॉक्टरांवर ब्रँडऐवजी जेनेरिक, म्हणजे औषधाचं मूळ नाव लिहायची सक्ती आली आणि त्याच महिन्यात स्थगित झाली. तिथे जोर लावा.

रावपुऱ्याची सून
दादा, डॉक्टरांसमोर "स्वस्तातली लिहून द्या" म्हणायला सासऱ्यांची जीभ रेटत नाही. स्वस्त गोळी लागू पडेल का, हीही धास्ती. ते ओझं पेशंटवर टाकू नका. आणि तो मसुदा इंग्रजीत. तो गुजराती-मराठीत मिळावा, ही माझी पहिली मागणी.

दांडिया बाजारकर
मान्य, ताई. मेडिकलवाल्यांच्या म्हणण्यावरूनच कामाला लागू. यादीबाहेरच्या गोळ्यांचं नाव, मात्रा, गेल्या वर्षीची आणि आताची एमआरपी, बिलाच्या फोटोसकट इथे टाका. तिथे हरकतीची सोय नाही, तर एनपीपीएला थेट पत्र मी लिहितो.

निवृत्त हिशेबनीस
तक्ता मी तपासून देईन. पण कात्रीची गोष्ट वर आणि आकडे खाली असं पत्र असेल, तर माझी सही धरू नका.